रविवारचा कॉम्प्युटर

धाकट्याने गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याला स्वतःला एकही गेम खेळता येत नव्हता. पत्तेसुद्धा नाही. लहानपणी आम्ही भावंडं पत्ते खेळायला बसलो की हा आपल्या हातातली पानं रंगांप्रमाणे नीट लावायचा आणि लागली की "झालं" म्हणून उठून जायचा. असा माणूस एका सकाळी माझ्या कामाच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय असतं गं?"

मी दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टर मंडळी तोंडाचे साचे पाठवतात, मी दात पाठवते. प्रत्यक्ष तोंडांशी माझा संबंध येत नाही, म्हणून तर या धंद्यात टिकले. धाकटा फ्रीज दुरुस्त करतो. घरातले फ्रीज, दुकानांतली काचेची कपाटं, गोदामांतल्या थंड खोल्या, जे गार राहायला हवं आणि राहत नाही ते सगळं त्याचं. आम्ही एकाच इमारतीत राहतो, मी खाली, तो वर. माझ्या पुढच्या खोलीतच माझी लॅब आहे, त्यामुळे त्याला कुठेही जायचं झालं तरी माझ्या दारावरून जावं लागतं. याचा मी पुरेपूर फायदा घेते.

"तुला कशाला हवंय ग्राफिक्स कार्ड?" मी विचारलं.

"मुंगीसाठी."

मुंगी ही त्याची मुलगी. दहावीत आहे, उंचीने बापाच्या वर गेली आहे, पण लहानपणी कधीही शोधावी तर साखरेच्या डब्यापाशी सापडायची म्हणून मुंगी, ती अजून मुंगीच. ती आईकडे राहते. धाकटा आणि त्याची बायको वेगळे झाले त्याला बराच काळ लोटला. भांडून नाही, गप्प बसून. म्हणजे गप्प हा बसायचा, आणि शेवटी ती कंटाळली. माझं तिच्याशी अजून फोनवर बोलणं असतं. भावजय माजी होते की नाही हे मला कुणी सांगितलेलं नाही, आणि मीही विचारायला गेले नाही.

ठरलं असं होतं की मुंगीने दर रविवारी बापाकडे यायचं. येतही होती. पण अलीकडे रविवार गळायला लागले होते. कधी परीक्षा, कधी डोकेदुखी, कधी नुसताच "या वेळी नाही जमत, बाबा" असा निरोप. खरं कारण मला तिच्या आईकडून कळलं. रविवारी दुपारी मुंगी आणि तिच्या चार मैत्रिणी आपापल्या घरी बसून एक ऑनलाइन गेम खेळतात. त्यासाठी दणकट कॉम्प्युटर लागतो. तो आईकडे आहे. बापाकडे फ्रीज आहेत, आणि तेही दुसऱ्यांचे, उघडून ठेवलेले.

धाकट्याला हे मीच सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि वर निघून गेला. त्याचं "बरं" कशाचंही असू शकतं. या वेळी त्यातून कॉम्प्युटर निघाला.

"तिला आत्ता सांगायचं नाही," तो म्हणाला. "तयार झाला की एकदम दाखवायचा."

"अरे, तिलाच विचार ना. तिला त्यातलं कळतं. तुला कळत नाही."

"विचारलं तर नको म्हणेल."

मी तोंड उघडलं होतं, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातली दाढ खाली ठेवली. माझा भाऊ घाबरला होता. रविवार असेच एकेक करून संपतील, कुणी कुणाला काही बोलणार नाही, आणि एक दिवस मुलगी फक्त वाढदिवसाला फोन करणारी होईल, ही त्याची भीती होती. एकदा गप्प बसून बायको गेली होती. आता मुलगीही तशीच चालली होती आणि बोलायचं कसं हे त्याला अजूनही येत नव्हतं. मी एप्रन काढला आणि त्याच्याबरोबर दुकानात गेले.

दुकान अरुंद होतं आणि छतापर्यंत खोके रचलेले होते. दुकानदार सगळ्यांचे प्रश्न ऐकून दमलेला, पण सज्जन माणूस होता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "कोणता गेम खेळायचाय?"

धाकटा म्हणाला, "रविवारी खेळतात तो."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पाचजणी मिळून दुसऱ्या पाचजणांना मारतात."

"सगळ्यांत तसंच असतं, मॅडम," तो शांतपणे म्हणाला आणि खोके काढायला लागला.

पुढे जे झालं त्याला मी खरेदी म्हणणार नाही. धाकट्याला प्रत्येक भागाबद्दल एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, हा किती तापतो. दुकानदाराने वेगवान प्रोसेसर दाखवला. "किती तापतो?" बराच तापतो म्हटल्यावर तो बाजूला. मोठं, दोन हातांनी उचलावं असं ग्राफिक्स कार्ड दाखवलं. "एवढी उष्णता पोरीच्या पायाशी ठेवायची?" तेही बाजूला. दुकानदार सांगत होता की साहेब, चित्रं भराभर हलायला हवीत तर हेच कार्ड लागतं. धाकटा त्याला सांगत होता की उष्णता काही नाहीशी होत नाही, ती फक्त एका जागेवरून दुसरीकडे न्यायची असते, आणि ती कुठे नेणार हे आधी ठरवा. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघांनाही समोरचा वेडा वाटत होता.

शेवटी मधलं कार्ड ठरलं, मधला प्रोसेसर ठरला. प्रोसेसर गार ठेवणारा कूलर मात्र दुकानातला सगळ्यात मोठा. वीजपुरवठ्याचा डबा त्याने हातावर तोलून घेतला आणि वजनावर पसंत केला. मग हे सगळं ज्यात बसवायचं त्या पेट्यांची पाळी आली. प्रत्येक पेटीत त्याने पंखे चालू करायला लावले, खिशातून पातळ कागदाची पट्टी काढली आणि कुठून हवा आत येते, कुठून बाहेर जाते, ती मध्ये कुठे घुटमळते ते बघत बसला. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. दुकानदाराच्या नाकीनऊ आले.

"साहेब," तो म्हणाला, "गेम पंख्यावर चालत नाही हो."

मी आपली एकच बाजू लावून धरली. काचेची, रंगीत दिवे लागणारी पेटी घे. पोरीला आवडेल, त्या वयाच्या सगळ्यांना आवडतात.

"दिवा म्हणजे उष्णता," धाकटा म्हणाला. "फ्रीजमधला दिवासुद्धा दार लावलं की विझतो."

काळी पेटी घेतली. जिच्यावर दोन कप चहा ठेवून गप्पा माराव्यात अशी.

आता राहिली ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज देऊ की लिनक्स, असं दुकानदाराने विचारलं तेव्हा तो पुरता थकला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. धाकट्याने फरक विचारला. विंडोजवर सगळं चालतं, दुकानदार म्हणाला, पण अपडेट येत राहतात, अधूनमधून ती स्वतःच बंद होऊन परत चालू होते. लिनक्स तुम्ही सांगाल तेवढंच करते, स्वतःहून काही नाही.

"स्वतःच बंद होते?" धाकट्याने विचारलं. "न विचारता?"

"कधी कधी."

"जे न विचारता बंद पडतं त्याला आम्ही बिघाड म्हणतो. ते दुसरं द्या."

"त्याच्यावर गेम चालतात ना?" मी विचारलं.

"हल्ली बरेच चालतात," दुकानदार म्हणाला. या "बरेच" शब्दापाशी थांबायला हवं होतं. पण गेमचं नावच माहीत नसलेली माणसं कुठे थांबणार? आम्ही खोके उचलले आणि निघालो.

जोडाजोडी माझ्या टेबलावर झाली, कारण तिथे दिवा चांगला आहे. प्रोसेसर बसवायचं काम माझ्याकडे आलं. खालच्या चौकोनात केसाएवढ्या पिनांची दाटी असते, त्यातली एक वाकली तरी खेळ खलास. मी श्वास रोखून तो ठेवला आणि तो अलगद बसला. कवळी नीट बसल्यावर मला जे समाधान मिळतं ते मिळालं, आणि मला उगाचच वाटलं की मी या पोरीसाठी काहीतरी केलं. मग धाकट्याने त्यावर तो अजस्र कूलर चढवला आणि पेटीचं झाकण लागेना. कूलर दोन बोटं वर उरत होता. मी हसत सुटले. धाकट्याने झाकण फिरवून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, शेवटी भिंतीला टेकवून ठेवलं.

"उघडाच बरा," तो म्हणाला. "हवा लागते."

वर नेऊन दुकानदाराने दिलेल्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स घातल्यावर कॉम्प्युटर चालू झाला, आवाजसुद्धा न करता. धाकट्याने आपला तापमापक आत सोडला, आकडा पाहिला आणि इतका खूश झाला की मला वर बोलावून दाखवला. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण मीही खूश झाले.

"काम आहे, येऊन जा," एवढ्याच निरोपावर मुंगी रविवारी आली. खोलीच्या दारातच थबकली.

"हे कुणाचं?"

"तुझं," धाकटा म्हणाला.

पोरीच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने चटकन आवरलं. त्या वयात आनंद झालेला दिसणं म्हणजे मोठी नामुष्की असते. तिने टेबलाभोवती एक फेरी मारली, उघड्या पेटीत वाकून पाहिलं. "बाबा, हा कूलर आहे की इमारत?" असं म्हणाली, पण मऊ आवाजात. मग खुर्चीत बसून पडद्याकडे पाहिलं आणि तिचा हात थांबला.

"लिनक्स?"

"चांगली आहे. आपणहून बंद होत नाही."

मुंगीने ओठ आत घेतले. मग तिने आम्हाला समजेल अशा भाषेत सांगितलं. तिच्या गेममध्ये लबाडी करणाऱ्यांना पकडणारा एक पहारेकरी असतो, प्रोग्रामच तो, आणि हा पहारेकरी लिनक्सवर काम करत नाही. पहारेकरी नसेल तर गेम दारातच अडवतो. बाकी सगळं चालेल. तेवढा एक चालणार नाही.

धाकटा पँटीला हात पुसायला लागला, काही लागलेलं नसताना. मला दुकानदाराचा राग आला, धाकट्याचा आला, लिनक्सचाही आला, जिचं यात काहीच चुकलेलं नव्हतं. मुंगीने फोन पाहिला. मैत्रिणी वाट बघत असणार. आता ही उठणार, असं मी मनात म्हटलं.

ती म्हणाली, "पेन ड्राइव्ह आहे का?"

सगळी दुपार त्यात गेली. मी ऑम्लेटच्या ताटल्या घेऊन वर गेले तर दोघं जमिनीवर बसलेले. ती त्याला सांगत होती की आधी जुनं सगळं पुसून टाकायचं, मग नवीन भरायचं. तो म्हणत होता की आमच्याकडेही तसंच, जुना गॅस पूर्ण काढल्याशिवाय नवा भरला की कॉम्प्रेसर घास अडकल्यासारखा करतो. त्याने तो आवाज काढून दाखवला. मुंगी हसून हसून आडवी झाली. आपला भाऊ आवाज काढून दाखवतो हे मला त्या दिवशी कळलं. विंडोज बसली, पण गेम अवाढव्य आणि धाकट्याचं इंटरनेट मुलखाचं रडकं. संध्याकाळपर्यंत अर्धाही उतरला नाही.

"पुढच्या रविवारी बघते," मुंगी स्वतःहून म्हणाली. ती गेल्यावर धाकटा माझ्या लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

पुढच्या रविवारी गेम चालला. मी मुद्दाम बघायला गेले. मुंगीने कानांवर हे मोठे हेडफोन चढवले होते आणि ती मैत्रिणींशी तावातावाने बोलत होती, डावीकडून ये, मागे बघ, अगं मागे. धाकटा तिच्या मागे खुर्ची टाकून, दवाखान्यात नंबर लावून बसावं तसा गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता.

"चालतोय?" मी विचारलं.

"चालतोय."

"मग तोंड का असं?"

"नाही, चांगला चालतोय," तो म्हणाला आणि तिच्या पाठीकडे बघत राहिला. संध्याकाळी ती "मस्त आहे, बाबा" म्हणाली आणि गेली. रविवार परत मिळाला होता, पण त्यात त्याच्या वाट्याला तिची पाठ आली होती.

त्याच्या पुढच्या रविवारी कॉम्प्युटर चालूच होईना. मुंगी टेबलाखाली शिरली, धाकटा टॉर्च घेऊन तिच्यामागे शिरला. मेमरीची पट्टी सैल झाली होती. ती सापडेपर्यंत निम्मी दुपार गेली आणि तेवढ्या वेळात दोघांनी जगभराच्या गप्पा मारल्या. तिची शाळा, तिच्या आईची नवी नोकरी, एका गोदामाच्या थंड खोलीत अडकलेला मालक. त्यानंतर एका रविवारी पंख्याची वायर निघाली. मग एकदा चालू करायच्या बटणाची. मग पडद्यावर चित्रच येईना.

आता इथे धाकट्याच्या कामाची एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या धंद्यात दुरुस्ती करून आलेल्या माणसाला त्याच बिघाडासाठी परत बोलावणं आलं तर त्याला रिपीट कॉल म्हणतात, आणि ती सगळ्यात मोठी बेअब्रू. धाकट्याला आजवर रिपीट कॉल आलेला नाही. याचा त्याला एवढा अभिमान आहे की बाकी कशाबद्दल न बोलणारा हा माणूस याबद्दल अनोळखी लोकांशीही बोलतो. अशा माणसाच्या घरात, त्याच्या हातांनी जोडलेलं यंत्र दर रविवारी बंद पडतं आणि त्याला लाज सोडाच, वर तो शीळ घालत जिना उतरतो? मी काही दुधखुळी नाही.

एका शनिवारी दुपारी मी न सांगता वर गेले. दार उघडंच होतं. धाकटा हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्या उघड्या पेटीत कोपरापर्यंत शिरला होता.

"उद्या काय बिघडणार आहे?" मी विचारलं.

तो दचकला, पण नाही म्हणाला नाही. खोटं बोलायलाही शब्द लागतात आणि ते त्याच्याकडे वेळेवर कधीच नसतात. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून तो खुर्चीत बसला.

"ताई, तो चालू असला की ती त्याची असते," तो म्हणाला. "बंद असला की माझी असते."

मी त्याला चांगलं झापायच्या तयारीने गेले होते. ते सगळं राहिलं. जवळ जाऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण आमच्यात ती पद्धत नाही, म्हणून मी म्हटलं, "मूर्ख आहेस. तिला कळलं तर? आपल्याला फसवलं असं वाटून ती यायचीच बंद झाली तर काय करशील?"

तो काही बोलणार इतक्यात त्याचा फोन वाजला. मुंगीच होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टोळीचा अंतिम सामना होता, शाळाशाळांमधला. आईकडे पाहुणे येणार होते, तिथे आवाज चालणार नव्हता. "मी तुझ्याकडूनच खेळणार आहे," ती म्हणत होती आणि मला टेबलापलीकडूनही ऐकू येत होतं. "मी नसले तर चौघींना खेळताच येत नाही. बाबा, उद्या नीट चालेल ना तो? नक्की?"

"चालेल," धाकटा म्हणाला. फोन ठेवून त्याने माझ्यासमोर प्रत्येक वायर, प्रत्येक पट्टी, प्रत्येक स्क्रू घट्ट केला. कॉम्प्युटर चालू करून दाखवला. व्यवस्थित चालला. मी समाधानाने खाली आले.

आणि रविवारी दुपारी तो खराखुरा बंद पडला.

पंखे फिरत होते, पडदा काळा. मी सामना बघायला म्हणून वर गेले होते. मुंगीने आधी वायरी तपासल्या, मग मेमरीची पट्टी काढून पुसून परत लावली. पडदा काळाच. फोनवर मैत्रिणींचे निरोप येऊन पडत होते. पोरीच्या कपाळावर घाम आला. धाकटा पांढराफटक पडून टॉर्च धरून उभा होता आणि उजेड नको तिथे पाडत होता.

"बाबा," मुंगी पेटीतून मान न काढता म्हणाली, "आधी कशाकशाला हात लावलायस, ते सांग. लवकर सांग, म्हणजे बाकीचं शोधायला नको."

काही नाही, असं म्हणून तो सुटू शकला असता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत मला दिसत होतं की खरं सांगितलं तर हा रविवार शेवटचा ठरेल अशी त्याची खात्री आहे. पण पोरीला वेळ नव्हता.

"मेमरी मीच सैल केली होती," तो म्हणाला. "पंख्याची वायर मी काढली. बटणाचीही मीच. पडद्याची पण. मेमरी तर बरेचदा काढली, कुणी नसताना. आज काही केलं नाही. काल सगळं नीट लावलं होतं. ताईला विचार."

"मी होते," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

मुंगीने वर पाहिलंसुद्धा नाही. "मेमरी सारखी काढलीस होय," ती म्हणाली. "मग ही जागा ढिली झाली असेल. ही खिट्टी बघ, तुटलीय. टॉर्च इकडे, इकडे." तिने पट्टी काढली, शेजारच्या रिकाम्या खाचेत दाबून बसवली आणि बटण दाबलं. पडदा उजळला.

धाकटा तसाच उभा होता. "तुला माहीत होतं?"

"मेमरी आपणहून निघत नाही, बाबा. दुसऱ्या वेळीच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

मुंगी खुर्चीत बसून भराभरा काहीतरी टाइप करत होती. तिने एकदाच मान वळवली. "तो बिघडलेला असला की तू बोलतोस ना," ती म्हणाली. "चालू असला की मागे गप्प बसतोस. मला वाटायचं, तुला माझा कंटाळा येतोय."

मी रडले, हे सरळ सांगून टाकते. धाकटा रडला नाही. तो फक्त दोन-तीनदा मान हलवत राहिला, नाही नाही म्हणत असल्यासारखी. मुंगीने पायाने शेजारची रिकामी खुर्ची ओढली, आपल्या मागे नाही, बाजूला.

"इथे बस. आणि बोल."

"काय बोलू?"

"काहीही. सुरू होतोय, लवकर बोल."

सामना त्या हरल्या, हे आधीच सांगते, म्हणजे कुणी निकालाच्या मागे लागणार नाही. चांगल्याच हरल्या. धाकट्याने सुरुवात केली फ्रीजच्या दाराच्या रबरापासून. रबर का कडक होतं, लोक ते का पुसत नाहीत, आणि मग दार लागलंय असं वाटतं पण लागलेलं नसतं. आधी अडखळत, खाली बघून, मग हात हलवून, मग बर्फ फुटताना होतो तो आवाज काढून. मुंगीने हेडफोनचा एक कान मागे सरकवून ठेवला होता. त्यातून मैत्रिणींची ओरडाओरड बाहेर येत होती, आणि तिचा माइक चालूच होता.

"मध्येच कोण बोलतंय गं ते?" त्यातल्या एकीचा चिडका आवाज आला. "कसलं रबर? बंद कर ना त्याला."

मुंगीचे डोळे पडद्यावरच होते, बोटं चालूच होती.

"माझा बाबा आहे तो," ती म्हणाली. "बोलू दे त्याला."